मधला ठिपका

दादा एका प्रवासी बाईच्या बॅगेचं निखळलेलं चाक बसवत होता, तेवढ्यात त्याची धाकटी बहीण वेल्डिंगच्या दुकानात आली.

"आज ऑफिसला दांडी?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"तिथूनच आले. हद्द ठरली, दादा."

शहरातल्या पर्यटनस्थळाची हद्द आखायचं काम तिच्याकडे होतं. प्रवाशांनी टाकलेल्या फोटोंवरून ते कुठून कुठे जातात हे शोधायचं. प्रत्येक जागेचा एक ठिपका. एकच माणूस दोन जागी गेला की त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ. रेघांचं जाळं जिथवर पोचेल, तिथवर हद्द. आणि हद्दीच्या आत आवाजाचे, ठिणग्यांचे सगळे धंदे बंद.

"मग आपल्याला काय त्याचं? या गल्लीत बघण्यासारखं आहे काय? माझं थोबाड?"

"खाली बोटींचा धक्का, वर जुना बाजार. जाळी दोन निघायला हवी होती. पण मधल्या एका ठिपक्यानं दोन्ही जोडून टाकलीत." तिनं दुकानावरून नजर फिरवली. "तुझं दुकान."

दादा हसला. मग तिचा चेहरा दिसला, आणि त्याचं हसू तिथंच राहिलं.

"मी कुणाला बोलवायला गेलो नव्हतो."

"धक्क्यावरून येणाऱ्यांच्या बॅगा दुरुस्त करतोस, पैसे घेत नाहीस, वर बाजाराची वाट दाखवतोस. लोक तुझा फोटो टाकतात. खाली लिहितात, इथं देवमाणूस भेटला."

"म्हणजे भलं करायला गेलो नि अंगाशी आलं." त्यानं पाना खाली ठेवला. "तो ठिपका पुसता नाही येत?"

"पुसला होता. जाळं मधोमध तुटलं, गल्ली सुटली." तिची नजर जमिनीवर होती. "मग परत ठेवला. खोटं जाळं साहेबांपुढे मांडवेना रे."

चाकाचा बोल्ट घट्ट बसला होता, तरी दादा पाना घेऊन पिळतच राहिला.

"वहिनीला मी सांगू?" तिनं विचारलं.

"नको. तू काही सांगू नकोस."

प्रवासी बाईला त्यांची भाषा कळत नव्हती. तिनं बॅग ओढून पाहिली, खूश झाली, पर्स उघडली. दादाचा हात सवयीनं 'राहू दे' म्हणाला. बाईनं छातीवर हात ठेवून मान लववली आणि मोबाईल वर उचलला.

धाकटी झटकन मधे आली. कॅमेऱ्यासमोर पंजा धरून म्हणाली, "नको! फोटो नको."

बाईला वाटलं, ही लाजतेय. तिनं हसत हसत तिचा दंड धरला, तिला दादाच्या शेजारी नेऊन उभं केलं आणि दोघांना जरा जवळ सरकायची खूण केली.