उघडा कोपरा

शहाण्णव साली बारामतीत आर्ट गॅलरी निघाली. मालकानं निरवांगीच्या रंगुबाईच्या हातातली जुन्या लुगड्यांची वाकळ "दोन दिवसांत परत देतो" म्हणत उचलली. कोपरा शिवायचा राहिला होता; त्यात चपातीचा घास घालून मगच शेवटचा टाका मारायची गावची रीत. महिना उलटला, लेक बाळंत झाली, नातवाची वाकळ आली नाही. रंगुबाईनं एसटी धरली. गॅलरीत वाकळ भिंतीला टांगलेली, समोर चष्मेवाल्यांची गर्दी, आणि मालकाची टकळी चालूच, "उघड्या कोपऱ्यातली पोकळी पाहा! ही नवी कला मी उजेडात आणली!" कोपरा उघडा का, हे मेल्याला साधं विचारायचंही सुचलं नव्हतं. रंगुबाई स्टुलावर चढली. पदरातली चपाती मोडून कोपऱ्यात घातली, टाके मारले. "बाई, कलेची माती केलीत!" मालक किंचाळला. वाकळ खांद्यावर टाकत ती म्हणाली, "महिनाभर उपाशी टांगली, सायेब, आन वर तिची भूक लोकान्ला दावताय!"