बिनऔषधाचा महिना

तक्त्यावरचा शेवटचा आकडा नवऱ्याने मोठ्याने वाचला. काल दिवसभरात अंगातून गरम वाफा आल्या, एकदा. फक्त एकदा. मग त्याने चष्मा काढून विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांकडे म्हणजे बायकोकडे आणि आईकडे. बैठकीला माणसं तेवढीच होती.

महिन्यापूर्वी याच टेबलाशी रणकंदन झालं होतं. ऑपरेशनमध्ये गर्भाशय गेलं, सोबत बीजकोशही गेले, आणि बायकोच्या अंगाची दिवसातून चौदा वेळा लाही लाही होऊ लागली. झोप उडाली. ती घड्याळं दुरुस्त करायची. एकदा भिंगाखालच्या उघड्या घड्याळात तिच्या कपाळावरचा घाम टपकला, तशी ती दुकानातच रडली. हे काम हातचं गेलं तर आपलं काय उरलं, या विचाराने तिचा जीव थोडा थोडा होई. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं, हार्मोनचं औषध तुम्हाला चालेल, फायद्याचंच आहे, पण निर्णय तुमचा.

हे शेवटचे दोन शब्द घरात कुणाला ऐकूच गेले नाहीत. नवरा सरकारी वजनमापं तपासणारा. मोजल्याशिवाय त्याचा देवावरही विश्वास नाही. त्याने फर्मान काढलं: महिनाभर बिनऔषधाचं राहायचं, रोज काकडी खायची, संध्याकाळी फिरायला जायचं, तक्ता तो ठेवील. सासूबाईंचा तर हार्मोन या शब्दावरच राग. आम्ही सोसलंच की, हे त्यांचं पालुपद. दोघांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सुनेने मुकाट्याने मान डोलावली.

आणि आकडे खरोखरच उतरले. चौदाचे दहा झाले, दहाचे चार, चाराचा एक. सूनबाई रात्रभर झोपू लागली. दुकानातलं तुंबलेलं काम उरकलं. दुपारी जेवायला घरी आली की सासूबाईंबरोबर पत्त्यांचा एक डाव टाकायची आणि त्यात बिनदिक्कत लबाडी करायची. सासूबाईंना इतकी तोलामोलाची जोडीदारीण वर्षभरात मिळाली नव्हती.

नवऱ्याने श्रेय वाटून दिलं. थोडं काकडीला, थोडं फिरण्याला, उरलेलं तक्ता आखणाऱ्याला. मग घसा खाकरून ठराव मांडला: औषधाची गरज नाही. आईने लगेच हात वर केला.

"मान्य," बायको शांतपणे म्हणाली. "मग उद्यापासून बंद करते. महिनाभर घेतलं तेवढं पुरे."

नवऱ्याने चष्मा पुन्हा चढवला. तक्त्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मोजण्यासारखं काही त्याला सापडेना.

सासूबाईंचा हात अजून वरच होता. तो त्यांनी खाली आणून टेबलावर आपटला.

"खबरदार बंद केलंस तर."