घरी कोणी नाही

दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, हे बाबांचं आयुष्यभराचं तत्त्व. गुडघ्यांना मात्र तत्त्वं नसतात.

भिंत धरत पलंगापासून दारापर्यंत यायला त्यांना पाच मिनिटं लागायची, आणि कुरिअरवाला दोन मिनिटांत पसार. ऑफिसात माझ्या फोनवर तीनदा शेरा आला : 'घरी कोणी नाही.' पार्सलमध्ये बाबांचाच वॉकर होता.

मी कुरिअर कंपनीशी फोनवर कडाकडा भांडलो. "कशाला डाफरतोस रे त्या बिचाऱ्यावर?" बाबा म्हणाले. "मीही पोस्टमन होतो. मी तरी कुठे थांबायचो!"

गुरुवारी तो चांगला वीस मिनिटं बेल वाजवत उभा होता, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. मग तोच शेरा आला.

या वेळी तो खरा होता. आम्ही सगळे बाबांना घेऊन स्मशानात गेलो होतो.