बडग्याच्या गळ्यातली पाटी

पोळ्याच्या दुपारी बडग्याच्या पाटीचा मजकूर फ्लेक्सवाल्याकडे जायचा होता, आणि फाइली झाल्या होत्या दोन. उद्या मारबतीच्या मिरवणुकीत नंदनवन वस्तीचा हा बांबू-कागदाचा पुतळा गल्लीची सगळी गाऱ्हाणी गळ्यात घालून फिरणार. एक फाइल धनश्रीनं लिहिलेली. दुसरी तीच, पण मंडळाचे अध्यक्ष ताराचंदकाका यांनी आपल्या मनानं ‘सुधारून’ परत पाठवलेली.

तिनं एडिटरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. जिथं फरक तिथं रंग. विजेच्या बिलावरची ओळ काकांचीच खुसखुशीत होती. ती तिनं मुकाट्यानं घेतली. शेवटच्या ओळीशी मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं लिहिलं होतं: ‘गटाराचं झाकण कोणी खाल्लं?’

तो प्रश्न पुसून काकांनी तिथं कौतुकानं घातलं होतं: ‘आपलाच माणूस, स्वानंदभाऊ ठेकेदार.’

स्वानंद म्हणजे काकांचा जावई. त्यानं उघड्या सोडलेल्या गटारात धनश्रीचा भाऊ प्रज्वल पडला, आणि आता आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होता. दरवर्षी मारबतीपुढं ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा पोरगा.

काका मागं खुर्ची ओढून बसलेच होते.

"माही ओळ काहून पुसली, काका?"

"अवं, सणासुदीले जावयाचं वाकडं बोलते का कोणी? माह्या सोनिकानं सासरी तोंड कसं दाखवावं?"

"अन् प्रज्वलनं उभं कसं राहावं?"

काकांनी खुर्ची आणखी पुढं ओढली. मग म्हणाले, "बरं, कोणाचंच मन नको दुखवू. तुही बी ठेव, माही बी ठेव. जोडून टाक वं."

जोडून टाक म्हणे! आधी पोराची कंबर जोडून द्या.

एडिटर तीनच गोष्टी विचारत होता: तुमची ओळ, त्यांची ओळ, की दोन्ही? तिनं रागारागात ‘दोन्ही’ दाबलं. रंग गेले, ओळी एकीखाली एक येऊन बसल्या. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग काना-मात्रा न बदलता फाइल फ्लेक्सवाल्याला धाडून दिली.

"ठेवल्या ना दोन्ही?" काकांनी विचारलं.

"ठेवल्या. तुमच्या शब्दाले हात नाही लावला." आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं वाचलं, "गटाराचं झाकण कोणी खाल्लं? आपलाच माणूस, स्वानंदभाऊ ठेकेदार."

काका खुर्चीतून अर्धवट उठले.

आतून, पडल्या पडल्या, प्रज्वल ओरडला, "घेऊन जा गे मारबत!"