ऑफिसच्या कपड्यांतलं प्रेत

“मेलेला माणूस कधीही खोटं बोलत नाही!” लेखिकाबाईंनी दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं.

“अगं, पाठीखाली उशी दे ना जरा,” मेलेला माणूस म्हणाला.

“प्रेताला उशी नसते. गप्प पडा.”

मेलेला माणूस म्हणजे त्यांचा नवरा. बाईंच्या रहस्यकथांची नायिका खाजगी गुप्तहेर होती. वाचक तिला लाडाने ‘घार’ म्हणत. घार कुठलंही प्रेत पायांकडून डोक्याकडे वाचत जायची, आणि कादंबरीत लिहिण्याआधी बाई ते नवऱ्यावर करून बघायच्या. आजवर विष देऊन झालं होतं, सुरा खुपसून झाला होता, जिन्यावरून ढकलूनही झालं होतं. त्याची तक्रार नव्हती. संसारात थोडंफार सोसावं लागतंच.

एरवी तो पायजम्यात मरायचा. आज मात्र संध्याकाळी दारातच धरला गेला. नव्या कादंबरीत कामावरून परतलेल्या कारकुनाचा खून होता. “बूटसुद्धा काढू नका,” असं बजावून बाई गुडघ्यांवर बसल्या. आता त्या घार होत्या.

“बुटांना लाल माती. विजारीच्या दुमडीत कुसळं.” आवाज खुशीत होता. “वा! हा माणूस गवतातून चालत आलाय.”

प्रेताने पाय हळूच आखडून घेतले.

बाईंनी त्याला कुशीवर वळवलं. “शर्टाला पाठीवर हिरव्या रंगाचे पट्टे. बागेतला बाक, नुकताच रंगवलेला.” मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. “आणि डब्यात मुंग्या! चौथ्या मजल्यावरच्या थंडगार ऑफिसात मुंग्या कुठून...”

वाक्य तिथेच थांबलं.

प्रेताने डोळे घट्ट मिटून घेतले. मेलेली माणसं इतके घट्ट मिटत नाहीत, पण ही चूक आज कुणी काढली नाही.

“हा माणूस,” ती सावकाश म्हणाली. आवाज आता घारीचा नव्हता. “हा माणूस आज ऑफिसात गेलाच नाही. कालही नाही. काल याच विजारीची कुसळं मी काढली, आणि खुनी कोण असावा याचा विचार करत केरात टाकली.” ती थांबली. “कधीपासून?”

मेलेल्या माणसाला खोटं बोलायची सोय नव्हती.

“तीन महिने झाले. आमचा अख्खा विभागच बंद केला त्यांनी. फंड मोडून पगार म्हणून आणत होतो. रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज तू हातात डबा ठेवायचीस.”

एवढे खून पचवलेल्या माणसाला दरदरून घाम फुटला. तो स्फोटाची वाट बघत राहिला. काहीच होईना, तेव्हा त्याने एक डोळा उघडला. जिच्या नजरेतून एकही खुनी सुटला नव्हता, ती पांढरीफटक पडून, तोंडावर हात ठेवून फरशीवर बसली होती.

“जिवंत होतात,” ती म्हणाली, “म्हणून फसले मी.”

मग तिने सोफ्यावरची उशी ओढली, त्याच्या पाठीखाली सरकवली आणि पदराने नाक पुसलं.

“उद्यापासून मरायचं ते घरीच मरा,” ती म्हणाली. “आणि आधी तो डबा घासायला टाका. मुंग्या घरभर होतील.”