तळटीप नसलेला शेवट

"तुम्ही हा भाग स्वतः पाहिला आहे का?"

पडद्यावर एवढा एकच प्रश्न होता, पण तो वाचून आर्नुल्फोची कानशिलं तापली. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात त्याने ‘मीठवाल्यांचं घर’ या जुन्या मालिकेच्या अखेरच्या भागावर लेख लिहिला होता. उत्तम लेखाचा तारा मिळावा म्हणून इतर संपादकांकडून सूचना मागवल्या होत्या. तारा मिळणारच, असं त्याच्या आईने इबागे शहरातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं. आणि आता ही कोण कुठली याकेलिन त्याची परीक्षा घ्यायला निघाली होती!

त्याने फणकाऱ्याने उत्तर ठोकलं, "बाई, तुम्ही पाळण्यात असाल तेव्हा, मालिकेतला बाप घरी परत आला म्हणून सगळं गाव ढसाढसा रडलं होतं. आम्हाला नका शिकवू."

याकेलिन चिडली नाही. वाहिनीनेच तो भाग इंटरनेटवर चढवला होता, त्याचा दुवा तिने दिला. "बाकी लेख सुरेख आहे. फक्त शेवट एकदा बघून घ्या."

त्याने बघितला. बायको आणि पोरगा घराला कुलूप लावतात, किल्ली नदीत भिरकावतात आणि चालू लागतात. बाप येतच नाही. टोपी काढून दारात उभं राहणं नाही, पोराला उचलून घेणं नाही. आर्नुल्फोने रंगवून रंगवून लिहिलेला शेवट धादांत खोटा होता.

तोवर चर्चेत मंडळी जमली होती. कथानकाला तळटीप लागत नाही, भाग हाच पुरावा, असा तिथला नियम. त्या नियमाच्या आडोशाला याने न पाहिलेला भाग खपवला, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. "आता माफी तरी स्वतः मागणार, की तीही ऐकीव?" एकाने टोमणा मारला. आर्नुल्फोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरंच पाहिला नव्हता त्याने. त्या वर्षी देशभर रोज वीज जायची. त्याच वर्षी बाबा कामासाठी बोगोताला गेले होते आणि तिकडचेच झाले होते. शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी वस्तीत अंधार होता आणि लहानगा आर्नुल्फो गालगुंड होऊन अंथरुणात पडला होता. "नदीपलीकडे मावशीकडे वीज आहे. मी बघून येते आणि तुला सगळं सांगते," आई म्हणाली. परत येऊन मेणबत्तीच्या उजेडात तिने सगळं सांगितलं, अगदी बापाच्या टोपीसकट. पुढे त्याने ते इतक्या जणांना सांगितलं, की आपण पाहिलेलं नाही हेच तो विसरून गेला.

तो तरातरा स्वयंपाकघरात गेला. आई तव्यावर मक्याच्या पिठाच्या अरेपा भाजत होती.

"आई, चारचौघांत माझी शोभा झाली! बाप परत येतच नाही त्यात. कशाला थाप मारलीस मला?"

त्याचा आवाज एवढा चढला, की शेजारणीने खिडकीतून डोकावलं. आई खाली मान घालून अरेपा उलटत राहिली.

"येत नाही होय?"

"नाही!"

"मग पोरगं आणि ती, दोघंच?"

"दोघंच. कुलूप लावून निघून जातात. असं काय विचारतेस? मावशीकडे बसून बघितलास ना तू?"

आईने गॅस बंद केला.

"मावशीकडे गेलेच नाही रे मी. तुझ्या बाबांचा निरोप आला होता, आज येतो म्हणून. तुला सांगितलं नाही, उगाच आशा नको लावायला. बोगोताची शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत स्टँडवर उभी होते मी, त्यांची टोपी शोधत."