आठ मिनिटांची विश्रांती

"एकूण सहाच?" सरांनी विचारलं.

"सहाच, सर. तीस मीटरच्या चार धावा आणि साठच्या दोन. मग घरी."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. शाळेच्या खेळसाहित्याच्या खोलीत त्यांच्यासमोर एका गादीवर त्यांची जुनी विद्यार्थिनी बसली होती, डावा पाय लांब सोडून. शाळेत असताना शंभर मीटरला तिने चार वर्षं कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं. गेल्या वर्षी ती खेळाडूंच्या राखीव जागेवर कॉलेजात गेली, आणि आता सुट्टी लागताच सरांना भेटायला आली होती.

"मधे विश्रांती किती?"

"तीसनंतर चार मिनिटं, साठनंतर आठ."

"आठ मिनिटं करता काय? स्वेटर विणता?"

ती हसली. "चालतो, बसतो. आमच्या कोचबाई म्हणतात, दमलेला पाय वेग शिकत नाही, नुसता दमायला शिकतो."

सरांच्या मैदानावर एकवीस वर्षं वेगळाच कारभार होता. दोनशे मीटरच्या बारा धावा, मधे एकेक मिनिट, आणि वर चिंचोक्याएवढीही दयामाया न दाखवता प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर चढउतार. दुसरा कुणी असता तर ही कॉलेजची थेरं ऐकून भडकला असता. सरांचं तसं नव्हतं. एखाद्या गोष्टीने डोक्यात घर केलं की ते जेवणसुद्धा विसरत. त्यांनी हजेरीवहीचं मागचं पान उघडलं आणि विचारायला सुरुवात केली. वजनं किती उचलता? आठवड्यात किती दिवस? पहिलं पाऊल कुठे पडायला हवं, हे कोण बघतं? तिने सगळं खडाखडा सांगितलं, कोणत्या मुलीची टाच कितव्या पावलाला टेकते इथपर्यंत.

"सर," शेवटी ती म्हणाली, "धाकटीला तीन आठवडे असं देऊन बघा ना."

आता सरांना तिच्या येण्याचं कारण कळलं. तिची धाकटी बहीण दहावीत होती आणि सरांच्याच हाताखाली पळत होती. तीन आठवड्यांनी संघाची निवड होती. शालेय गटातली तिची ही शेवटची संधी. आणि दहा दिवसांपासून तिची मांडी मागून ओढली जात होती.

"दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय," सर म्हणाले. "तूच बघ ना. चार वर्षांत एकदा तरी कुरकुर केलीस?"

"नाही केली."

"मग? ऐन वेळी मेहनत कमी केली आणि ती मंदावली, तर?"

"तर दोष माझा. घरी मी सांगेन."

पोरीचं वर्ष वाया गेलं तर दोष कुणाच्या नावावर जाईल, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. तरीही आठ मिनिटांचं काय होतं, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

दोघं मैदानाकडे निघाली. ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती.

"कॉलेजात पळायला शिकवतात की चालायचं विसरायला लावतात?"

"ताकद राखून ठेवायची असते, सर."

"बरं, एक शंभर मार. बघू तरी काय शिकलीस."

"सुट्टीत पळायची परवानगी नाही. बाई ओरडतील."

सरांना गंमत वाटली. कुणाच्या धाकाने का होईना, पोरगी कुणाचं तरी ऐकते आहे, हे त्यांना बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहा धावा झाल्यावर धाकटीने विचारलं, "सर, माझं काही चुकलं का? एवढंच?"

"एवढंच. जा घरी," असं म्हणून सरच मैदानाला दोन चकरा मारून आले. त्यांचे हात शिवशिवत होते. पहिल्या आठवड्यात दोनदा त्यांनी तिला पायऱ्यांवर पाठवायला शिट्टी तोंडात धरली आणि दोन्ही वेळा पुन्हा खिशात टाकली.

दुसऱ्या आठवड्यात मांडीची ओढ थांबली. तिसऱ्या आठवड्यात शंभर मीटरला तेरा पूर्णांक चार सेकंदांची मुलगी तेरा पूर्णांक एकवर आली. सरांनी घड्याळ झटकून पाहिलं, कुणाचं तरी दुसरं घड्याळ मागून तिला पुन्हा पळवायचा मोह झाला, तोही आवरला. निवडीच्या दिवशी ती दुसरी आली. संघात तिचं नाव लागलं तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉलेजच्या कार्यालयातून कोचबाईंचा नंबर मिळवला. आभार मानायचे होते, आणि खरं तर आणखी चार प्रश्न विचारायचे होते.

"मी तुमच्या एका मुलीच्या धाकट्या बहिणीला शिकवतो," ते म्हणाले. मग त्यांनी धाकटीची सगळी हकिगत सांगितली, चार मिनिटं, आठ मिनिटं, तेरा पूर्णांक एक.

बाई मनापासून खूश झाल्या. "म्हणजे तिने टिपलेलं कामी आलं. वर्षभर घड्याळ घेऊन कडेला बसते आणि एकेका मुलीचं लिहून ठेवते."

"कडेला का? पळत नाही?"

"तुम्हाला बोलली नाही? पहिल्याच आठवड्यात मांडीमागचा स्नायू फाटला तिचा. डॉक्टर म्हणाले, ही शाळेपासूनची इजा आहे, तशीच पळवलीय. आता पळणं कायमचं बंद. शाळेत शिकवायला कोण होतं ते आम्ही कितीदा विचारलं, पण नाव सांगत नाही. जाऊ दे. निदान धाकटी तरी तुमच्यासारख्या माणसाच्या हाती लागली."